मोटर दुरुस्त व्हयनी का?

नाना गेल्याचं मला लाल गाडीत कळलं. अमळनेरहून जळगावला निघाले होते. मांडीवर डबा होता, डब्यात मुगाची पातळ खिचडी आणि एका पुडीत मिरचीची कोरडी चटणी. दवाखान्यात ती चटणी त्यांना कोणी खाऊ देणार नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण आदल्या दिवशी मला जवळ बोलावून म्हणाले होते, "नुसती दखाडाले तरी लई ये," म्हणजे नुसती दाखवायला तरी आण. पाळधीच्या थांब्यावर गाडी थांबली आणि फोन वाजला. आमचे हे दवाखान्यातच होते. ते एवढंच म्हणाले, "तू सावकाश ये... आता घाई नाही." गाडीत लग्नसराईची गर्दी होती, कोणी उतरत होतं, कोणी चढत होतं. एक बाई मला म्हणत होती की जरा सरका, आणि मी सरकलेही. रडू आलं नाही. पहिला विचार मनात आला तो असा, की ज्या माणसानं जन्मभर गाडी चालवली त्याची शेवटची बातमी मला घरात नाही, गाडीतच मिळाली. हे मी कोणाला सांगू, तर ते ऐकून खूश होणारा एकच माणूस होता, आणि तोच गेला होता.

नाना माझे सासरे. सरकारी लाल गाडीवर ड्रायव्हर होते, त्यातूनच निवृत्त झाले आणि त्यानंतरची सगळी वर्षं अमळनेरच्या आमच्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत बसले. गियर बदलताना कोण गाडीला त्रास देतो, हे त्यांना ओट्यावर बसून कळायचं आणि त्या न दिसणाऱ्या ड्रायव्हरला ते मोठ्यानं रागवायचे. माझं माहेर वरणगावचं. मला बघायला आले तेव्हा सोबतच्या मंडळींनी स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, नोकरी करणार का, असं सगळं रीतसर विचारलं. नाना गप्प. शेवटी बाबा म्हणाले, तुम्हीही काही विचारा. तेव्हा नानांनी विचारलं, "तुमना गावले सकायनी पहिली गाडी टाईमवर येस का?" मी तोंडाची फटकळ. म्हटलं, "येते तेव्हा तोच टाइम धरायचा." बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले. नाना मात्र इतके हसले की चहा बशीबाहेर सांडला. उठताना म्हणाले, "पोर खरं बोलस. आमना घरमा अशी एक पाहिजेच." त्या वेळी मला वाटलं, सासरा विनोदी दिसतो. घरात खरं बोलणाऱ्या माणसाची त्यांना इतकी गरज का वाटत होती, ते कळायला मला फार वर्षं लागली.

कारण नाना लाल गाडीचे असले तरी त्यांचा जीव लाल गाडीत नव्हताच. त्यांचा जीव अडकला होता आबांच्या मोटरीत. आबा म्हणजे नानांचे वडील. सरकारी गाड्या येण्याआधी आपल्या खान्देशात रस्त्यांवर खाजगी सर्व्हिस मोटरी धावायच्या, हे आज किती जणांना माहीत असेल कोण जाणे. ज्याच्याकडे थोडी शेती, थोडा व्यापार आणि बरीच हिंमत, त्यानं एखादी जुनी मोटर विकत घ्यायची, गावातल्या सुताराकडून तिच्यावर लाकडी सांगाडा चढवायचा, बाकडी ठोकायची आणि कंपनी काढायची. कोणाच्या दोन मोटरी, कोणाच्या चार, आणि आबांची एकच. तरी लोक म्हणत 'आबांची कंपनी'. धुळ्याच्या वाटेवर दोन कंपन्यांचं असं हाडवैर होतं म्हणतात, की एक जण प्रवाशाला पानसुपारी द्यायचा तर दुसरा सरबत, आणि गिऱ्हाईकाचा एक हात एकाच्या हातात, दुसरा दुसऱ्याच्या. यावल-रावेरकडच्या मोटरींच्या टपावर केळीचे घड आणि त्या घडांवर माणसं. आबांची मोटर अमळनेरहून बेटावदवरून नरडाण्याकडे जायची. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. हँडल मारून मोटर सुरू करायची, ती सुरू झाली की सगळ्यांनी 'जय' म्हणायचं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची भट्टी बसवली. प्रवासी उतरले की सगळ्यांची तोंडं काळी, कोण कोणाचा पाहुणा ते ओळखू येत नसे. आणि पांझरेच्या पात्रात, पूल नव्हता तेव्हा, वाळूत चाकं रुतली की सगळ्यांनी खाली उतरून मोटर ढकलायची. पाटील असो, तलाठी असो, नव्या नवरीचा बाप असो. मोटरीत बसून राहायचा हक्क एकाच व्यक्तीला होता. पुढच्या बाकावर, आबांच्या शेजारी, दोन वेण्या घालून बसलेली आबांची थोरली लेक. नानांची मोठी बहीण, अक्का.

अक्काविषयी सांगायचं तर आधी भोंग्याविषयी सांगायला हवं. पितळी भोंगा, मागे रबरी फुगा, तो दाबला की आवाज. प्रत्येक कंपनीच्या भोंग्याचा आवाज वेगळा, आणि मालक मंडळी तो मुद्दाम वेगळा निवडायची. आबांच्या भोंग्याचा आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा, सुरुवातीला जाड आणि शेवटी लाडात आलेला. याचं महत्त्व कळायचं ते आखाजीला. आखाजी म्हणजे आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. दिवाळीला नाही आली तरी चालेल, पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला म्हणायचं मुऱ्हाळी. आबांनी रीतच पाडली होती की आखाजीच्या आधी मोटर गावोगाव आत शिरायची, थेट मारुतीच्या पारापर्यंत. तिथं भोंगा वाजवायचा. विहिरीवर, खळ्यावर, चुलीपुढे असलेल्या सासुरवाशिणींनी तो आवाज ओळखायचा आणि पिशवी उचलायची. ज्या मुलीला भाऊ नाही, तिचा मुऱ्हाळी मोटरच. त्या दिवशी आबा पुरुषांना मोटरीत घेतच नसत. सगळ्या लेकी, सगळ्यांची गाणी, टपावर त्यांची गाठोडी. अक्काचं लग्न नरडाण्याजवळच्या एका गावात झालं आणि पहिल्या आखाजीला आबांनी भोंगा एवढा वेळ वाजवला की म्हणे गावातले म्हातारेही पारावर जमले. अक्का सासरी मान वर करून सांगायची, "मना बापनी मोटर दारपर्यंत येस." जावांना तिनं हे इतक्या वेळा सांगितलं की त्यांचे कान किटले.

मग रस्ते एकेक करून सरकारकडे गेले. चांगलंच झालं म्हणा; जिथं कधी चाक पोचलं नव्हतं तिथं लाल गाडी पोचली, आणि आमच्या घरातली चूलही पुढे तिच्यावरच पेटली. पण आबांसाठी ते असं झालं की आखाजीला थोडे दिवस उरले असताना त्यांची मोटर बंद पडली ती कायमची, आणि भुसावळकडच्या कोणा भंगारवाल्यानं ती विकत घेतली आणि ओढून नेली. ती नेण्यापूर्वी नानांनी तिचा भोंगा काढून घेतला. नानांना तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. आबांनी त्यांना जवळ बसवलं आणि सांगितलं, की अक्काला आणायला तू लाल गाडीनं जा. आणि मग जे सांगितलं ते नाना मला शब्दाला शब्द म्हणून दाखवायचे. "पोरले सांगजो नको मोटर इकाई गई ते. सासरमा तिनं तोंड लहान व्हई. सांग, बिघडी गयी शे." आणि स्वतःच्या डोक्यावर नानांचा हात ठेवून त्यांना शपथ घातली.

नाना फाट्यावर उतरले आणि उन्हातून चालत गावात गेले. अक्का पारावर आधीपासून येऊन बसली होती, सोबत दोन जावा, आजूबाजूला लेकरं. भाऊ पायी येताना दिसला तेव्हा तिनं विचारलं, मोटर कोठे शे? नानांनी आबांचं वाक्य म्हटलं. अक्कानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग दुरुस्त करीसन धाडा. मी वाट देखस." आबांच्या लेकीनं दुसऱ्या गाडीत बसायचं म्हणजे काय! नाना एकटे परत आले. अक्का त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत पारावर बसून होती. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ पाणी भरायला जाताना हसत म्हणाली, "मोटर तं कव्हयनीच इकाई गई. तुले कोणी सांगं नही का?" सगळ्या गावाला माहीत होतं. बाजारहाटाला जाणाऱ्या माणसांनी खबर कधीच आणली होती. नव्हतं माहीत ते एका अक्काला. तिचं तोंड लहान होऊ नये म्हणून बापानं आणि भावानं जे केलं, त्यानं ते सगळ्या गावासमोर लहान झालं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आत आबा गेले. अक्का दहाव्याला आली, रडली, पण मोटरीविषयी चकार शब्द नाही. बाप गेला, त्याच्याशी भांडायचं राहून गेलं, आणि तो रुसवा सगळा नानांच्या वाट्याला आला. एरवी बहीण-भाऊ अगदी गोडीत. अक्का आमच्या लग्नाला आली, माझ्या मुलांच्या बारशाला आली, माझ्या सासूबाई आजारी होत्या तेव्हा महिनाभर येऊन राहिली. पण आखाजीला? नाही. पाय ठेवला नाही. आणि नानांनी एकही आखाजी चुकवली नाही. ड्युटीवर असताना रजा टाकून, निवृत्तीनंतर चार दिवस आधीपासून तयारी करून ते मुऱ्हाळी म्हणून जायचे. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, आणि पिशवीत भोंगा. फाट्यावर उतरायचं, अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं आणि भोंगा वाजवायचा. अक्का ओट्यावर बसलेलीच असायची. हातातलं काम न थांबवता विचारायची, "मोटर दुरुस्त व्हयनी का रे भाऊ?" नाना म्हणायचे, "व्हई अक्का, पुढला साल व्हई." अक्का म्हणायची, "मंग पुढला सालच येसू." झालं. मग ती त्यांना जेवू घालायची, सांजोऱ्या बांधून द्यायची, दोघं दुपार कलेपर्यंत हसत-खिदळत बोलायचे आणि नाना संध्याकाळच्या गाडीनं परत.

इकडे मी खापरावरच्या पुरणपोळ्या करून, आमरस झाकून, अक्कासाठी एक पाट जास्तीचा मांडून बसलेली. नाना ओट्यावर चढायचे, भोंगा एकदा वाजवून खुर्चीशेजारच्या खिळ्याला अडकवायचे आणि आतल्या दिशेनं सांगायचे, "नही उनी." नाही आली. दर वर्षी. जणू या खेपेला ती येईलच अशी त्यांची खात्री होती, आणि दर वर्षी तेवढंच वाईट वाटायचं. त्यांच्या आयुष्यात मागण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. नातवंडं शिकली, घर पक्कं झालं, गुडघे सोडले तर तक्रार नव्हती. एकच इच्छा होती, की अक्कानं एकदा, एकच आखाजी, आपल्या बापाच्या घरी करावी.

मला राग यायचा. एकदा भाजी निवडता निवडता म्हटलं, "नाना, एकदाच सांगून टाका ना तिला, की मोटर विकली. संपलं." ते म्हणाले, "आबाले सबद देयेल शे." मी म्हटलं, "आबा जाऊन किती वर्षं झाली!" "आबा गया. सबद तं नही ना गया." मी गप्प बसणाऱ्यातली नव्हतेच. "अहो, पण तिला माहीत आहे!" तेव्हा ते जे म्हणाले ते मला त्या वेळी अगदी बिनतोड वाटलं होतं. "तिले माहीत शे, माले माहीत शे, बठ्ठा गावले माहीत शे. मंग सांगानं काय राह्यनं?" भाऊ एक, बहीण एक. दोघांच्या हट्टाला एकाच गिरणीचं पीठ.

गेल्या आखाजीला नानांना एकट्याला जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. फाट्यावरून रिक्षा केली तर म्हणाले, "गल्लीना तोंडपर्यंतच. रिक्षामा बशीसन मुऱ्हाळी जास का?" उतरले, काठी माझ्याकडे दिली, भोंगा घेतला. फुगा दाबायला हातात जोर नव्हता. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदा आवाज आला तो अर्धाच... अक्का ओट्यावर होती. पाठीत वाकलेली, कानानं कमी ऐकणारी, पण तेवढा अर्धा आवाज तिला बरोबर ऐकू गेला. "मोटर दुरुस्त व्हयनी का रे भाऊ?" त्या दिवशी नानांनी उत्तर द्यायला वेळ लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले. मला वाटलं, आता सांगतात... आणि मग तेच, "पुढला साल, अक्का." परतताना गाडीत ते खिडकीशी बसले होते. बेटावद आलं तसं एकदम म्हणाले, "तू पाह्यं का? ती उठनी व्हती. गुडघावर हात ठी उठनी व्हती... मंग बठी गई." मी पाहिलं नव्हतं. मी नानांकडे बघत होते.

होळी झाल्यावर नाना आजारी पडले आणि पुढचं सगळं लवकर झालं. अक्का दहाव्याला आली नाही. तिच्या मुलानं फोनवर सांगितलं की ती मोरीत पडली, अंथरुणावर आहे, गाडीत बसवणं शक्य नाही. आमच्या ह्यांना ते लागलं. "सख्खा भाऊ गेला तरी हिचं मोटरीचंच चाललंय," असं ते म्हणाले. मला तसं वाटलं नाही, पण वाद घालायची ती वेळ नव्हती.

मग आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला लेकी येतात तसे पितरही येतात. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर सांजोरी आणि खरबूज ठेवायचं. यंदा नानांची पहिली घागर भरायची होती. मी कुंभाराकडून घागर आणली, ओट्यावर ठेवली, आणि खुर्चीशेजारच्या खिळ्याला भोंगा लटकत होता. त्याचा फुगा नानांनी दोन वर्षांपूर्वीच नवा बसवला होता, धुळ्याहून शोधून आणलेला. मी ह्यांना म्हटलं, अक्काला आणायला जायचं. ते म्हणाले, यंदा कसला सण, आणि ती येणार आहे का? मी म्हटलं, मग मी जाते. "बाई कधी मुऱ्हाळी जाते का?" "मग तुम्ही जा." ते पेपर वाचू लागले. मी भोंगा पिशवीत घातला आणि आखाजीच्या आदल्या सकाळी गाडी धरली.

गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले तेव्हा मला लाज वाटत होती, हे खरं सांगते. साठीची बाई, निवृत्त शिक्षिका, हातात पितळी भोंगा, आणि बघायला अख्खी गल्ली. डोळे मिटले आणि फुगा दाबला. काय आवाज निघाला! जाड, आणि शेवटी लाडात आलेला. अक्का ओट्यावर होती. अंथरुणातून उठवून कोणीतरी तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. अंगावर धुवट लुगडं, केस विंचरलेले. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. बराच वेळ ती रिकाम्या गल्लीकडे बघत राहिली. मग सवयीनं म्हणा, कशानं म्हणा, हळूच विचारलं, "मोटर दुरुस्त व्हयनी का?"

काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून गेले नव्हते. नानांचं उत्तर मला पाठ होतं, पण ते माझ्या तोंडातून निघेना. पुढला साल कोणाचा आणि कसला? मी तिच्याजवळ गेले, कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हटलं, "नाही अक्का. मोटर विकली. त्याच वर्षी विकली होती, आखाजीच्या आधी. आबांनी नानांना शपथ घातली होती, तुला सांगू नको म्हणून."

तिच्या सुना दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, म्हातारीला आपण या वयात, या दुःखात, हे काय ऐकवलं. अक्कानं माझ्या हातातल्या भोंग्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "माले माहीत शे."

"हो, मला माहीत आहे की तुला..."

"बठ्ठा गावनी सांगं माले. जाऊनी सांगं, पानी भरनाऱ्या बायांनी सांगं. मना माहेरना एक माणूसनी नही सांगं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दर साल इचारू मी त्याले. म्हने, आते सांगी, आते सांगी..." आणि मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठू लागली. सुना धावल्या. "सासूबाई, कुठे निघालात?" तिनं एकीचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं दाराआड बोट दाखवलं. तिथं कापडी पिशवी होती, भरलेली, तोंड बांधलेली. मोठी सून मला नंतर म्हणाली, की ती पिशवी दर आखाजीला भरते आणि संध्याकाळी मोकळी होते. आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून बघतो.

तिच्या नातवानं फाट्यापर्यंत मोटरसायकलवरून सोडतो म्हटलं, तर तिनं त्याला झिडकारलं. शेवटी रिक्षा केली. लाल गाडी आली, कंडक्टरनं आणि दोन प्रवाशांनी तिला हातावर उचलून पुढच्या बाकावर बसवलं. मी तिकिटाचे पैसे काढले तर कंडक्टर म्हणाला, "आजीचं तिकीट नाही काकू, त्यांच्या वयाला फुकट आहे." मी तिच्या कानात तसं सांगितलं. अक्का म्हणाली, "आबाना मोटरमा बी माले तिकीट नव्हतं," आणि पदर सावरून ऐसपैस बसली. मांडीवर भोंगा. पांझरेच्या पुलावर गाडी आली तेव्हा ती खिडकीतून खाली कोरड्या वाळूकडे बघत राहिली. "अठे बठ्ठा उतरेत. आबा माले उतरू दे नही." मग काही वेळानं, माझ्याकडे न बघता, "त्यानं एक डाव सांगं असतं तं मी पायी उनी असती."

मी खिडकीबाहेर तोंड वळवलं. मला नानांची इतकी आठवण आली, की दवाखान्यात, दहाव्याला, कुठेच आली नव्हती तेवढी. दोघांनाही सगळं माहीत होतं आणि दोघंही वाट बघत होते. ती त्यानं सांगावं म्हणून, तो तिनं यावं म्हणून. गेल्या वर्षी ती उठली होती, आणि नाना 'पुढला साल' म्हणाले. आणि मी, खरं बोलणारी म्हणून पसंत करून आणलेली, शेजारी त्यांची काठी धरून उभी होते. असो... आता त्याला इलाज नाही. या बाकावर तिच्या शेजारी मी नाही, ते असायला हवे होते, एवढंच सारखं वाटत राहिलं.

अमळनेरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अक्काला धरून ओट्यावर चढवलं. नवी घागर तिथं होती, तिच्यावरून तिनं हात फिरवला. मग नानांच्या खुर्चीकडे पाहिलं, आणि भोंगा वर करून मला विचारलं, "हाऊ कोठे राहस?" मी खिळा दाखवला. तिनं लगेच लावला नाही. दोन्ही हातांनी धरला, घराच्या आतल्या दिशेला तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फुगा दाबला. आतून आमचे हे धावत आले. लहानपणापासून त्या आवाजाला ते धावत येतात, नाना आले म्हणून. दारात येऊन थबकले. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या खांद्यावरून, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघत ती म्हणाली, "उनी रे भाऊ."

मग तिनं भोंगा खिळ्याला अडकवला आणि नानांच्या खुर्चीत बसली.